वैद्य कोणत्या वस्तीतून यावा?

रुग्णा, वय १६ वर्षे. राहणार अल्लीपूरनजीकची एक वस्ती. व्यवसाय : आईवडिलांसमवेत शेतमजुरी, हंगामात कापूस वेचणी. वेदना : हातापायांचे सांधे व लांब हाडे यांत तीव्र शूल, मधून मधून ज्वर, अरुची, दौर्बल्य. कालावधी : लहानपणापासून, वर्षातून तीन-चार वेळा. निदान : आमवात.

हा केसपेपर आमच्या दवाखान्यातील असून सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. त्यावरील निदान आमच्याच हातचे आहे आणि ते चुकीचे होते. व्यवसायबंधूंपुढे आपली चूक उघड करण्यात संकोच वाटतोच. परंतु त्या चुकीने आम्हांस जे शिकविले ते या त्रैमासिकाच्या वाचकांपर्यंत पोहोचावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

आमवात ठरल्यावर शास्त्रात सांगितलेला क्रम आम्ही आरंभिला. लंघन, वालुकास्वेद, एरंडस्नेहाने विरेचन, सोबत सिंहनाद गुग्गुळ व महारास्नादि काढा. मुलीच्या डोळ्यांत किंचित पिवळेपणा होता, त्वचा पांडुर होती. या दोन्ही गोष्टी आम्ही पाहिल्या, कागदावर नोंदविल्या, आणि गरिबाघरच्या मुलीची पांडुता म्हणून सोडून दिल्या. तिसऱ्या दिवशी शूल दुप्पट झाला. मुलगी रात्रभर कण्हत होती. सकाळी तिच्या आईबरोबर त्या वस्तीतील आशा कार्यकर्ती आली. या ताई मुलीच्या जातीच्या, नात्यातल्याही. त्या दारातच थांबल्या व हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे आमच्या लोकांत असते. माह्या मावसभावाले असंच होये. त्याले सिकलसेल निघाला होता. पोरीची तपासणी केली का?"

तपासणी केली नव्हती. वर्ध्यास पाठवून ती करविली तेव्हा ताईंचे म्हणणे खरे ठरले. सिकलसेलच्या रुग्णास शरीरातील जलांश कमी होणे हे वेदनेचे मोठे कारण असते. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात आणि पाणी कमी पडले की हे अडकणे वाढते. ज्या मुलीला भरपूर पाणी, ऊब व विश्रांती हवी होती, तिला आम्ही लंघन व विरेचन दिले होते. ग्रंथ चुकला नव्हता. रोगाचे नाव चुकले होते, म्हणून सारी चिकित्सा चुकली.

पुढे आम्ही ताईंना विचारले, "तिच्या आईवडिलांनी हे आम्हांला आधी का सांगितले नाही?" त्यांना घरातील आजार ठाऊक होताच. ताई म्हणाल्या, "तुम्हाले कसे सांगतीन ते? पोरीचं लग्न व्हायचं हाये."

या एका वाक्यात आजच्या लेखाचा विषय आला आहे. रुग्ण वैद्याला काय सांगतो व काय लपवितो, हे वैद्याच्या ज्ञानाइतकेच तो कोण आहे यावरही अवलंबून असते. म्हणून वैद्य, परिचारिका व आरोग्यसेवक कोणत्या समाजांतून येतात, हा केवळ शासकीय धोरणाचा प्रश्न राहत नाही. तो निदानाचा व चिकित्सेचा प्रश्न होतो.

आपल्या जिल्ह्याचे चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाखांवर होती. तीत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे साडेचौदा टक्के, तर अनुसूचित जमातींचे सुमारे साडेअकरा टक्के होते. याखेरीज भटके व विमुक्त समाज, मुस्लिम व अन्य अल्पसंख्य आहेत. गोंड, कोलाम, पारधी ही नावे आपल्या दवाखान्याच्या नोंदवहीत रोज उमटतात. कोलाम ही तर महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक आहे. कातकरी व माडिया गोंड या अन्य दोन. कोलामांची भाषा कोलामी, गोंडांची गोंडी. दोन्ही द्राविड कुळातील आहेत. दुखणे सांगताना माणूस मातृभाषेत कण्हतो, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे.

आता आपल्याच क्षेत्राकडे पाहू. या समाजांतील माणसे आरोग्यसेवेत नाहीत, असे म्हणणे चूक ठरेल. ती पूर्वापार आहेत. गावोगावच्या सुइणी कोणत्या घरांतील होत्या? बाळंतिणीची खोली, नाळ, वार हे सारे काम ज्यांच्या हाती सोपविले, त्या स्त्रियांना गावाने एरवी उंबऱ्याच्या आत घेतले नाही. रुग्णालयातील सफाई कामगार कोण आहेत? दारोदार फिरणारी आशा कोण आहे? १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून आशा ही गावातीलच स्त्री आरोग्यव्यवस्थेचा पाया बनली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. तरीही तिला वेतन नाही. कामागणिक मोबदला व मानधन आहे. म्हणजे पायथ्याशी या समाजांची उपस्थिती भरपूर आणि वर चढत जावे तसतशी ती विरळ होत जाते. आमच्या केसपेपरवर निदान लिहिण्याचा अधिकार आम्हांस होता. खरे निदान मात्र दारात उभ्या असलेल्या, ज्यांना लिहिण्याचा अधिकार नाही अशा ताईंजवळ होते.

शास्त्र काय सांगते?

या विषयावर बोलताना आपल्या संहितांकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय शिष्योपनयनाचा आहे. त्यात तीन वर्णांच्या शिष्यांचे उपनयन सांगितले असून, कुलगुणसंपन्न शूद्रासही उपनयन व मंत्र वगळून शिकवावे असे काहींचे मत म्हणून नोंदविले आहे. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण अर्धेच उघडे आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात तीन वर्णांची अध्ययनाची तीन प्रयोजने वेगवेगळी सांगितली आणि तेथेच, सामान्यतः सर्वांनीच धर्म, अर्थ व काम यांसाठी आयुर्वेद अभ्यासावा, असाही विकल्प दिला. विमानस्थानात शिष्याची परीक्षा सांगताना त्यांचा भर मेधा, धृती, शुचिता, निर्लोभता व भूतदया यांवर आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. औषधी वनस्पतींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी हे जाणतात, असे आचार्य तेथे सांगतात. योग व प्रयोग जाणणारा तो वैद्य, हे खरेच. परंतु वनौषधीची पहिली ओळख अरण्यात राहणाऱ्याकडून झाली, हे ऋण आचार्यांनी ग्रंथारंभीच मान्य केले आहे. ज्यांच्याकडून आपण द्रव्य घेतले, त्यांच्या मुलांना आपण शास्त्र किती दिले? दोन सहस्रकांचा हा हिशेब आहे आणि तो आपल्या पिढीपुढे येऊन थांबला आहे.

फिलाडेल्फिया ते हेमलकसा

इतिहासात याची उदाहरणे आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून पदवी घेतली. येथील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले आजार सांगत नाहीत, म्हणून हिंदी स्त्रीडॉक्टर हव्यात, ही त्यांची भूमिका होती. आनंदीबाईंनंतर तीनच वर्षांनी, १८८९ साली, त्याच कॉलेजातून सुझन ला फ्लेश ही ओमाहा जमातीची कन्या पदवीधर झाली. अमेरिकेच्या मूलनिवासी समाजातील ती पहिली स्त्रीडॉक्टर. बालपणी तिने आपल्या वस्तीतील एक आजारी वृद्धा मरताना पाहिली होती. वारंवार निरोप धाडूनही सरकारी गोरा डॉक्टर आला नव्हता. पुढे तिने आपल्याच लोकांत राहून काम केले व १९१३ साली नेब्रास्कातील वॉल्टहिल येथे रुग्णालय उभारले. पुण्याची एक व ओमाहाची एक, दोघींचे कारण एकच होते.

त्याच अमेरिकेत २००४ साली सलिव्हन आयोगाने अहवाल दिला. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूलनिवासी मिळून लोकसंख्येच्या पाव हिश्श्याहून अधिक, पण डॉक्टरांत त्यांचे प्रमाण केवळ सहा टक्के व परिचारिकांत नऊ टक्के, असे त्यात नमूद होते. याला कारणेही होती. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच बंद पडल्या; हॉवर्ड व मेहॅरी या दोनच उरल्या. दर्जा वाढविण्याच्या सद्हेतूनेही एका समाजाची दारे कशी बंद होतात, याचे हे उदाहरण आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ओकलंड येथील अभ्यासात सुमारे तेराशे कृष्णवर्णीय पुरुषांचा समावेश होता. आपल्याच समाजाचा डॉक्टर भेटला तेव्हा मधुमेह, कोलेस्टेरॉल यांसारख्या, सुई टोचून करावयाच्या तपासण्यांस त्यांनी अधिक प्रमाणात संमती दिली. विश्वास हेही एक औषधद्रव्यच आहे, असे आम्हांस म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्रात याचे प्रयोग आधीच झाले आहेत. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले. बाहेरून आणलेल्या प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत रुजेनात, तेव्हा त्यांनी गावातीलच स्त्रिया निवडल्या. त्यांत कित्येक निरक्षर व दलित समाजातील होत्या. त्याच पुढे गावाच्या आरोग्याच्या आधार झाल्या. आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. एकोणचाळीस गावांतील या कामाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हीच पद्धत २०११ पासून देशभरातील आशांच्या कामात आली. भामरागड भागात हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. तेथील शाळेत शिकलेले डॉ. कन्ना मडावी हे माडिया समाजातील पहिले डॉक्टर. गावची सेविका होणे ही पहिली पायरी होती. त्याच गावचा डॉक्टर होणे ही पुढची पायरी हेमलकशाच्या शाळेने गाठून दाखविली.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की वैद्याला जात नसते. हे आम्हांसही मान्य आहे, आणि तसे असावे हेच ध्येय आहे. गोंडाला गोंड वैद्य व मुसलमानाला मुसलमान हकीम, अशी वाटणी कोणासही नको. आपल्याच क्षेत्रातील एक गोष्ट येथे आठवते. दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्माजींच्या हस्ते झाले. हकीम अजमल खान यांनी एकाच छताखाली दोन्ही शास्त्रांचे शिक्षण मांडले. महाराष्ट्रातही १९६१ च्या कायद्यान्वये आपली व युनानी चिकित्सकांची नोंदणी एकाच परिषदेकडे होते. तरीही आपल्या किती शाखांच्या व्याख्यानमालेत युनानी पदवीधर बंधूंना बोलाविले जाते? जात-धर्म नसलेला वैद्यवर्ग घडवायचा तर आधी त्यात सर्वांनी यावे लागेल.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. आमची पदवी व आमचे गुण त्या मुलीच्या निदानास पुरे पडले नाहीत, इतकेच आम्ही नम्रपणे नमूद करतो. समाजाच्या आजारांची जाण हीसुद्धा गुणवत्ताच आहे. प्रवेशपरीक्षेत तिला गुण नाहीत, एवढाच फरक.

प्रवेश मिळाला म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर विद्यार्थिनीने मुंबईत जीवन संपविले. तडवी भिल्ल म्हणजे आदिवासी आणि धर्माने मुस्लिम, अशा समाजातून त्या आल्या होत्या. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबीयांनी केला व प्रकरण न्यायालयात गेले. निकाल न्यायालयाने द्यावयाचा आहे. परंतु इतक्या दूरवर पोहोचलेली मुलगी आपल्या व्यवसायात एकटी पडली, हे समजण्यास निकालाची वाट पाहावी लागत नाही.

संघटनेने काय करावे?

त्या आशाताईंची थोरली मुलगी आज बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षास आहे. सुट्टीत ती आमच्या दवाखान्यात येऊन बसते. तिच्या वाटेतील अडथळे आम्ही जवळून पाहिले, त्यावरून पुढील सूचना मांडतो.

एक, संस्कृत. मराठी माध्यमातून व आश्रमशाळेतून आलेल्या मुलांना प्रथम वर्षीच संस्कृत व पदार्थविज्ञान यांचा डोंगर लागतो. घरात कधी सुभाषित ऐकले नाही, म्हणून बुद्धी कमी असे होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले. प्रत्येक जिल्हा शाखेने प्रवेशानंतर महिनाभराचा विनाशुल्क संस्कृत वर्ग घ्यावा. निवृत्त वैद्यांनी ही सेवा अवश्य करावी.

दोन, जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जाती-जमातींस १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांस १९६१ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे घरच पाठीवर होते, त्यांनी वास्तव्याचा कागद कोठून आणावा? मुलाने निकालानंतर धावाधाव करण्यापेक्षा अकरावीतच हे काम सुरू व्हावे. गावातील वैद्याचा शब्द तहसील कचेरीत ऐकला जातो. तो आपण वापरावा.

तीन, दवाखान्यातील मदतनीस. औषधे बांधणारा, काढे करणारा मुलगा वा मुलगी निवडताना ज्या वस्तीत कोणी शिकलेले नाही तेथील निवडावी, आणि त्यांना पुढे परिचर्या वा औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणास धाडावे.

चार, भाषा. शूल, दाह, चक्कर, अंगावर जाणे, झोप न लागणे यांसाठीचे गोंडी व कोलामी शब्द त्या भाषा बोलणाऱ्यांकडूनच गोळा करून या त्रैमासिकात छापावेत.

पाच, सिकलसेल. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलन अभियान आरंभिले असून २०४७ हे लक्ष्यवर्ष ठरविले आहे. वारंवार सांधे व हाडे दुखणाऱ्या, पांडुर, डोळे पिवळसर असणाऱ्या तरुण रुग्णाचे आमवात असे निदान लिहिण्यापूर्वी आपण सर्वांनी ही तपासणी करून घ्यावी. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत आजारी अपत्याची शक्यता चारात एक असते. हे समुपदेशन त्या समाजातील कार्यकर्तीकडून झाले तर ऐकले जाते, आमच्याकडून झाले तर लपविले जाते, हा आमचा अनुभव आहे.

सहा, स्वतःचा आरसा. आपल्या कार्यकारिणीत, संपादक मंडळात, व्यासपीठावर कोणती माणसे आहेत व कोणती नाहीत, हे प्रत्येक शाखेने वार्षिक सभेत एकदा पाहावे. आमच्याही शाखेने हे अद्याप केलेले नाही.

उपसंहार

गेल्या सुट्टीत ताईंच्या मुलीने सुश्रुताचा तो अध्याय वाचला आणि विचारले, "सर, त्या काळी मले शिकवलं असतं का?" आम्ही प्रथम चाचरलो. मग खरे तेच सांगितले : बहुधा नाही, शिकविले असते तरी मंत्र वगळून. नंतर चरकाचा पहिला अध्याय तिच्यापुढे ठेवला आणि वनवासी औषधी जाणतात, ते स्थळ दाखविले. तिने ते दोनदा वाचले व वहीत उतरवून घेतले. तिची आजी यशोदेच्या काठावरून कोणती मुळी आणत असे, ते ती आता विचारून लिहून ठेवणार आहे.

ज्या मुलीचे निदान आम्ही चुकविले होते, ती आता नियमित औषधोपचारावर आहे. कापूस वेचणीच्या थंडीत पाण्याची बाटली जवळ ठेवावी, हे तिला आम्हांहून अधिक त्या आशाताईंनीच पटवून दिले आहे. तिच्या केसपेपरवर 'आमवात' हा शब्द आम्ही खोडलेला नाही. त्याखाली योग्य निदान व दिनांक लिहिला आहे, आणि निदान सुचविणाऱ्या म्हणून ताईंचे नाव. दवाखान्यात काम शिकण्यास येणाऱ्यांना तो कागद आम्ही प्रथम दाखवितो.

व्यवसायबंधू व भगिनींनी या सूचनांवर आपली मते संपादकांकडे अवश्य पाठवावीत. इत्यलम्.